उटी

लोबेड आला नाही.
त्याचा ड्रायव्हर फोन उचलेना, आणि हरसूलला
विहिरीवर माणसं सकाळपासून बसून,
म्हणून पुंजाहरी शेवाळ्यांचा फोर्ड,
माझ्याहून सात वर्षांनी मोठा,
बोनेटचा निळा रंग उन्हानं पिऊन टाकलेला,
माझ्या तीन टनी पोकलेनपुढं येऊन उभा राहिला
म्हाताऱ्या मामानं भाच्याला शाळेतून न्यायला यावं तसा.

मशीनकडं त्यांनी आधी पाहिलंच नाही.
ट्रॉलीखाली सरकले. टायरांवर मूठ आपटली.
हुकाची पिन उपसून तिची झीज बोटानं चाचपली,
नवी मागवली, जुनी खिशात टाकली.
मी मशीन फळ्यांवरून चढवलं.
"पुढं घे." घेतलं.
"अजून." घेतलं.
"आता वीतभर मागं."
आसाच्या जरा पुढं वजन आलं
तसा फोर्ड मागून किंचित बसला.
"मागं भार झाला तर ट्रॉली शेपूट हलवती,
पुढं झाला तर माझं तोंड उचलतं,"
म्हणत त्यांनी नाकाला दोन जादा वजनं अडकवली.
बकेट टेकवली, साखळ्या फुलीत आवळल्या,
डाव्या-उजव्या ब्रेकची कडी एकत्र लावली.
मागं त्यांच्या सुनेनं, वैजयंतानं,
लाल ब्लाऊजपीस बांधलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मला दिली उटी.
बाभळीची, एका अंगाला टायरच्या दातांनी चावलेली.
"चढाला उतरून चाल. चाकाच्या शेजारी.
चाकाच्या मागं नाही."

गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांमधून
आम्ही बैलाच्या चालीनं निघालो.
पिकअपवाले हॉर्न देऊन देऊन थकले.
एक पोरगं ओरडलं, "मामा, पायी गेले असते तर पोचले असते!"
पुंजाहरींचा कान तिकडं नव्हता,
इंजिनावरही नव्हता,
मागं होता, पिनेच्या बारीक खटखटीवर,
पाळण्याच्या दोरीवर आईचा असतो तसा.

वाघेऱ्याच्या घाटाचं तोंड आलं.
त्यांनी थांबवलं. मला म्हणाले, "लाव."
मी उटी लावली. ते उतरले,
कमरेवर हात ठेवून रस्ता जिथं वळून नाहीसा होतो
तिथं बराच वेळ बघत राहिले.
"उतरव मशीन."
"काय?"
"इथवर मी ओढलं. इथून खाली ते मला ढकलणार.
मी दोन टन, ते तीन. ट्रॉलीला ब्रेक नाही."
"मग एवढं बांधलं कशाला?"
"इथपर्यंत यायला."
आणि मग, बिडी न पेटवताच ओठात धरून,
"कंपनीनं पाय दिलेत ना त्याला?"

मला राग आला. डिझेलचा, तासांचा,
रबरी ट्रॅकचा हिशोब डोक्यात फिरला.
साखळ्या सोडल्या. मशीन खाली घेतलं.
पुढं रिकामी ट्रॉली खडखडत, पहिल्या गिअरात फोर्ड,
क्लचला पाय न लावता;
मधे खांद्यावर उटी घेऊन वैजयंता,
वळणावळणावर मोटारसायकली हातानं थोपवत;
आणि मागं मी, ताशी दोन किलोमीटर,
लेकरासारखं चालणारं तीन टन लोखंड घेऊन.

तिसऱ्या वळणावर कठड्याचा एक तुकडा
बाकीच्याहून नवा होता.
सिमेंट अजून पांढरं.
तिथून जाताना दोघांपैकी कुणीच
तिकडं मान वळवली नाही.
मीही नाही विचारलं. थ्रॉटल आणखी कमी केला.

खाली सपाटीला पुन्हा फळ्या, पुन्हा वीतभर मागं,
पुन्हा फुली. हरसूलला पोचलो तेव्हा
विहिरीवरची माणसं जेवून आडवी झालेली.

रात्री त्यांचा फोन आला.
मला वाटलं, भाड्याचं काढतील.
"उटी राहिली तुझ्या केबिनमधी," ते म्हणाले.
"उद्या कुणी बोलवलं तर?"